मगर न पाहिलेल्या माणसाचा पूल

रामरी बेटाच्या लढाईवर माझ्याकडे नऊ पुस्तकं आहेत. भिलाईतल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते, त्यामुळे पुस्तकं कुठून आणि कशी मिळवायची हे मला कळतं. नऊपैकी सात पुस्तकांत मगरी आहेत. १९४५च्या जानेवारीत ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यालगतच्या या बेटावर ब्रिटिशांची हिंदी फौज उतरली, जपानी सैनिक खारफुटीच्या दलदलीत मागे हटले, आणि तिथे मगरींनी एका रात्रीत शेकडो माणसं खाल्ली, असं ही सात पुस्तकं सांगतात. एकाच्या मते हजार. दुसऱ्याने तर किंकाळ्यांना अख्खं पान दिलं आहे, जणू तो होडीत बसून ऐकत होता. उरलेली दोन पुस्तकं अलीकडची. त्यांचे लेखक जरा शहाणे आहेत. एवढ्या मगरी त्या दलदलीत होत्या तर लढाईच्या आधी त्या काय खाऊन जगत होत्या, असं ते विचारतात. माणसं गोळ्यांनी, तहानेने, बुडून आणि आजाराने गेली असणार, असं त्यांचं म्हणणं. ही दोन पुस्तकं मी वेगळी ठेवते आणि कोणाला वाचायला देत नाही.

माझे आजोबा धोंडबा, आमचे आबाजी, त्या बेटावर होते, आणि त्यांनी एकही मगर पाहिली नव्हती.

भंडारा जिल्ह्यातलं आमचं गाव. शेतकरी माणूस, पण नांगर, वखर, बैलाची बंडी स्वतः घडवणारा. फौजेने त्यांना बंदूक कमी आणि फावडं-कुऱ्हाड जास्त दिली. रस्ते, धक्के, तळ बांधणाऱ्या पायोनियर कंपनीत ते होते. ते सांगायचे की बेटावर सामान उतरवायला धक्का हवा होता, लाकूड होतं, पण खिळ्यांच्या पेट्या भलत्याच जहाजावर चढल्या होत्या. तेव्हा त्यांनी आणि आणखी अकरा जणांनी चार दिवसांत खिळ्याशिवाय धक्का उभा केला. निव्वळ लाकडी खुंट्यांवर. त्यावरून जीप गाड्या गेल्या.

१९७१ साली ते भिलाईला आमच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. मी नऊ वर्षांची होते. संध्याकाळी अंगणात शेजारी जमले, आणि त्यातल्या एका साहेबांनी नुकतंच वाचलेलं मगरींचं वर्णन सगळ्यांना ऐकवलं. मग आबाजींकडे वळून विचारलं, तुम्ही तर तिथेच होता, सांगा की. आबाजी म्हणाले, मगर काही आपण पाहिली नाही, डास मात्र फार होते. लोक हसले. त्यांनी धक्क्याची गोष्ट सांगितली. पोलादाच्या कारखान्यात काम करणारी ती सगळी माणसं, लोखंडाशिवाय धक्का म्हटल्यावर ती आणखीच हसली. तेव्हा माझ्या आईने, भागाबाईने, चहाचा ट्रे खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "बा, फेकू नको. तू तिकडं गेलाच नसशीन. कुठंतरी डेपोत बसला असशीन."

आबाजी दुसऱ्या दिवशी पॅसेंजरने गावी परत गेले. त्यानंतर दहा वर्षं जगले, पण भिलाईला कधी आले नाहीत आणि बेटाचं नावही त्यांनी काढलं नाही. फौजेचा कागद होता तो वाळवीने खाल्ला.

माझी आई आज सत्याऐंशी वर्षांची आहे. गुडघे सोडले तर तिचं सगळं शाबूत आहे, जीभ तर विशेष. गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी तिने मला जवळ बसवलं. वर गेल्यावर बाला काय तोंड दाखवू, असं तिने विचारलं. मी नेहमीप्रमाणे समजूत घातली की तू तेव्हा लहान होतीस. ती म्हणाली, तेहतीस वर्षांची होती, लहान कायची? मग म्हणाली की तुझ्या पुस्तकांनी मगरींचं तर सांगून झालं, आता खुंट्यांचं काय ते कोणीतरी मला डोळ्यांनी दाखवा. जे खरं आहे ते पाहून मग मी मरीन.

आता असं मागणं घेऊन माणसाने जावं कुठे? मी गेले कॉलनीच्या मीटिंगमध्ये.

सुपेल्याच्या अलीकडे आमची निवृत्तांची कॉलनी आहे. मधोमध बगीचा, आणि बगीच्याच्या मधून पावसाच्या पाण्याचा नाला. नाल्यावरची जुनी फरशी फुटली होती. कमिटीचे अध्यक्ष राजदीपजी, रोलिंग मिलमधले निवृत्त इंजिनियर, सुपेल्यात लोखंडी पूल बनवायला टाकणार होते. मी उभी राहिले, आजोबांच्या धक्क्याची गोष्ट सांगितली आणि म्हटलं की पूल लाकडाचा करू, आम्ही करून देऊ, आणि त्यात एकही खिळा, बोल्ट किंवा पट्टी नसेल.

हसले. चोपन्न वर्षांनी तसेच हसले. भिलाईत राहून लोखंड नको म्हणणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. माझं डोकं तापलं, पण शाळेत चाळीस मुलांपुढे उभं राहायची सवय कामाला आली. हसणं संपेपर्यंत मी उभीच राहिले. राजदीपजी मात्र हसले नव्हते. ते म्हणाले की भावना ठीक आहेत, पण पुलावरून म्हातारी माणसं आणि लहान मुलं जाणार. पंचवीस जानेवारीला पूल उभा करा, त्यावर सिमेंटच्या वीस गोण्या चोवीस तास राहतील, आणि काही हललं नाही तर ठेवू. नाहीतर लोखंडाचा बसेल. मला ही अट आवडली. हसण्यापेक्षा अट बरी.

घरी येऊन मी हे हिरालालना सांगितलं. हिरालाल माझे यजमान. कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये त्यांनी पस्तीस वर्षं काढली. भट्टीतलं वितळलेलं पोलाद ज्या साच्यात ओततात, तो साचा वाळूत उमटवण्यासाठी आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती लागते. ती हिरालाल करायचे. लाकडाच्या बाबतीत त्यांचा हात भिलाईत कोणी धरू शकणार नाही, हे ते स्वतः आठवड्यातून दोनदा सांगतात. त्यांनी विचारलं की मला विचारावंसं तुला वाटलं नाही का. मी म्हटलं, नाही. मग ते पेन्सिल शोधायला उठले.

लाकूड चरोद्याला होतं, नत्थूभाऊंकडे. हे रेल्वेतले सुतार, वॅगन दुरुस्तीत होते, मूळचे तुमसरचे, आमच्या लांबच्या नात्यातले. त्यांच्या अंगणात साल वृक्षाच्या लाकडाचे पाच जुने रेल्वे स्लीपर पडले होते. ते आमच्या घरी आले आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाले की स्लीपर सडतो तो नेहमी लोखंडी खिळ्याच्या भोकापासून, बाकी लाकूड जसंच्या तसं राहतं. तुझा आजा हुशार होता, वहिनी. आजोबांना हुशार म्हणणारा पहिला माणूस मला भेटला होता. मी त्यांना दोनदा चहा पाजला.

पूल साधा होता. नाल्यावर दोन बाजूंना दोन लांब तुळया. दोन्हींना जोडणारी पाच आडवी लाकडं. आडव्याच्या दोन्ही टोकांना कोरलेला जाड दांडा, ज्याला सुतार कुसू म्हणतात, तो तुळईतल्या खाचेत शिरणार. मग खाच आणि कुसू दोन्हींतून आरपार भोक, आणि त्या भोकात ठोकलेली खुंटी. वर फळ्या, बाजूला कठडा, तेही खुंट्यांवरच. एकूण छत्तीस खुंट्या, पंचवीस मिलिमीटर जाडीच्या.

खुंट्या कशा करायच्या ते आईने सांगितलं. तिने लहानपणी बापाला बंडीच्या खुंट्या करताना पाहिलं होतं. बाभळीचं लाकूड घ्यायचं, करवतीने कापायचं नाही, कुऱ्हाडीने फोडायचं, म्हणजे लाकडाचा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतो. खाचेतलं भोक आणि कुसूमधलं भोक अगदी समोरासमोर पाडायचं नाही, केसभर पुढेमागे ठेवायचं. खुंटी आत जाते तेव्हा ती दोघांना एकमेकांकडे ओढते. हिरालाल म्हणाले, "मायले हे सारं येते, आन तीस वर्षं मले फक्त भाजीत मीठ कमी हाय म्हणून राहिली."

आता माझी चूक सांगते. हिरालाल आणि नत्थूभाऊ दोघेही उत्तम कारागीर. दोघांना एका अंगणात बसवलं तर तिसऱ्या दिवशी भांडतील हे मी ओळखून होते. म्हणून मी वाटणी केली. एक तुळई हिरालाल घरी करतील, दुसरी नत्थूभाऊ चरोद्याला. आडवी लाकडं नत्थूभाऊंकडे, खुंट्या हिरालालकडे. मापांचा एकच कागद, त्याच्या दोन प्रती, माझ्या हस्ताक्षरात. पाच खाचा, दोन खाचांमधलं अंतर सहाशे मिलिमीटर, पहिल्यापासून पाचवीपर्यंत चोवीसशे. यात चुकायला जागाच नाही असं मला वाटलं.

अठरा जानेवारीला नत्थूभाऊंनी टेम्पोतून आपला माल आणला. बगीच्यात दोन्ही तुळया समोरासमोर ठेवल्या. आई खुर्चीवर बसली होती. पहिलं आडवं लाकूड दोन्हीकडे गपकन बसलं आणि मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. दुसरं बसलं, पण कुरकुर करत. तिसऱ्याला नत्थूभाऊंनी मोगरी मारली तरी ते तिरकंच राहिलं. चौथं टेकलंही नाही. पाचव्याच्या जागी दोन्ही तुळयांच्या खाचांत चांगला तीन बोटांचा फरक होता.

मग जे व्हायचं ते झालं. नत्थूभाऊ म्हणाले की कारखानेवाल्यांना मोजता येत नाही. हिरालाल म्हणाले की रेल्वेवाल्यांना उशिराची सवय, माप पण उशिरा पोचलं. हिरालालनी आपली पोलादी पट्टी काढून आपली तुळई मोजली. चोवीसशे. नत्थूभाऊंनी आपल्या टेपने आपली मोजली. चोवीसशे. दोघे लाल झाले. नेमके तेव्हाच राजदीपजी फिरायला आले होते. ते लांब उभं राहून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कीव होती. ती मला हसण्यापेक्षा जास्त झोंबली.

मी तुळयांकडे पाहत होते. दोन माणसं, दोघं प्रामाणिक, दोघं चोवीसशे म्हणतात, आणि समोर तीन बोटांची फट. एकाएकी मला आमच्या स्वयंपाकघरातलं कपाट आठवलं. हिरालालनी निवृत्तीनंतर केलेलं; मापं ते नेहमी घराच्या नकाशावरून घ्यायचे. ते कोनाड्यात बसलं नाही, तेव्हा ते म्हणाले होते भिंत वाकडी आहे. मग देवघर बसलं नाही, तीही भिंत वाकडी. खिडकीची चौकट बसली नाही तेव्हा गवंड्याला बोलणी बसली. आठ वर्षांत आमच्या घरातल्या एकूण एक भिंती वाकड्या निघाल्या होत्या.

मी हिरालालच्या हातातली पट्टी घेतली, नत्थूभाऊंचा टेप घेतला, आणि दोन्ही गवतावर शेजारी शेजारी ठेवले. सुरुवात जुळली. पट्टीचा एक हजाराचा आकडा जिथे संपत होता तिथे टेप एक हजार वीस सांगत होता.

हिरालाल खाली वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. मग गवतावर बसले.

पोलाद थंड होताना आकसतं. म्हणून त्याची लाकडी प्रतिकृती मुळातच थोडी मोठी करावी लागते, आणि प्रत्येक वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्न शॉपवाल्यांकडे एक वेगळी पट्टी असते. तिचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा वीस मिलिमीटर लांब. हिरालालकडे दोन पट्ट्या होत्या, एक साधी आणि एक ही. निवृत्तीच्या दिवशी एक त्यांनी शॉपमधल्या सहकाऱ्याला आठवण म्हणून दिली, एक घरी आणली. कोपऱ्यातली दोन टक्क्यांची खूण अंगठ्याने घासून कधीच गेली होती. साधी दिली गेली आणि ही घरी आली.

"सिंधू," ते म्हणाले, "त्या भिंती वाकड्या नव्हत्या."

नत्थूभाऊ आता टोमणा मारतील म्हणून मी त्यांच्याकडे डोळे वटारले, पण त्याची गरज नव्हती. त्यांनी आपली टोपी काढून हातात धरली होती. हिरालाल पुढे म्हणाले, "मी खोटं नाही मापलं बावा. पट्टीच मोठी होती."

मला तेव्हा, त्या फजितीत, माझी सात पुस्तकं आठवली. त्या लेखकांना मी मनात कितीदा खोटारडे म्हटलं होतं. कदाचित त्यांनीही मुद्दाम खोटं लिहिलं नसेल. गोष्ट तापलेली असताना मोठ्या पट्टीने मोजली, आणि ती थंड झाल्यावर पुन्हा मोजायचं कोणाला सुचलं नाही. लोकांनी ते माप खरं धरलं आणि साध्या पट्टीने मोजणाऱ्या माझ्या आजोबांना खोटं पाडलं. पण त्यांना माफ करायला मला वेळ नव्हता. हातात सात दिवस होते.

राजदीपजी जवळ आले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले की तुम्ही प्रयत्न केला, लोखंडी पुलाचं माप सुपेल्यात दिलेलंच आहे, वाईट वाटून घेऊ नका. हिरालाल मान खाली घालून होते. खरं सांगायचं तर एक क्षण मीही हो म्हणणार होते. तेवढ्यात आई खुर्चीतून म्हणाली, "बाले चार दिवस भेटले होते. तुमाले सात हायेत. उठा."

पाचवा स्लीपर शिल्लक होता. हिरालालची तुळई त्याच संध्याकाळी बाजूला झाली आणि नवीन तुळईवर काम सुरू झालं, आमच्याच अंगणात, दोघांनी मिळून. माप नत्थूभाऊंच्या टेपने. पहिली रेघ ओढताना हिरालालनी टेप स्वतः धरला नाही. नत्थूभाऊंना धरायला लावला, आकडा मोठ्याने वाचायला लावला, आणि मग पेन्सिल टेकवली. पस्तीस वर्षं ज्याच्या मापावर अख्ख्या शॉपचा भरवसा होता, तो माणूस सहाशे हा आकडा दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घेत होता. मला ते बघवेना, म्हणून मी आत जाऊन भाकरी थापल्या. जुना साल दगडासारखा कठीण असतो. पटाशीला दर अर्ध्या तासाने धार लावावी लागायची. तिसऱ्या दिवशी ते भांडतील हा माझा अंदाज चुकला. ते दुसऱ्याच दिवशी भांडले, चहात साखर किती यावरून, आणि काम थांबलं नाही.

बावीस तारखेला तुळई तयार झाली. पाचही आडवी लाकडं दोन्हीकडे बसली. आणि मग खुंट्या बसेनात.

साहजिकच होतं. खुंट्याही त्याच पट्टीने मापलेल्या. पंचवीसच्या जागी साडेपंचवीस. भोकं गिरमिटाने पाडलेली, ती बरोबर पंचवीसची. अर्धा मिलिमीटर म्हणजे काही नाही असं तुम्हाला वाटेल, पण सालाच्या भोकात बाभळीची अर्धा मिलिमीटर जाड खुंटी ठोकली की एक तर खुंटी चिरते नाहीतर तुळई. एक खुंटी चिरलीच. नत्थूभाऊ म्हणाले रंधा मारू. हिरालाल म्हणाले, रंध्याने वरचा धागा कापला जाईल, मग फोडून केल्याचा उपयोग काय. नवीन खुंट्या करायला वाळलेली बाभूळ नव्हती. दोघेही माझ्याकडे बघायला लागले, जणू ग्रंथालयात त्यावर पुस्तक असेल.

उत्तर आईकडे होतं. तिने विचारलं की खुंट्या भाजल्या का? आम्हाला कळेना. ती म्हणाली की बा खुंटी तशीच कधी ठोकत नव्हता. गरम रेतीत दोन-तीन दिवस पुरून ठेवायचा, म्हणजे तिच्यातला सगळा ओलावा जाऊन ती बारीक व्हायची. मग ठोकायचा. मग लाकडातली आणि हवेतली ओल पिऊन ती आतल्या आत फुगायची, आणि पुन्हा निघायची नाही. बेटावर त्याने लंगरच्या, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकाच्या, चुलीशेजारची रेती वापरली होती, हेही त्यानेच सांगितलं होतं.

मी तिला विचारलं की हे तू आजवर का सांगितलं नाहीस. आई म्हणाली, "त्याची ते गोठ मी हसण्यावारी नेली होती ना. आता तुमी अडले तवा आठोली."

सुपेल्याच्या चौकातल्या फुटाणेवाल्याची मोठी कढई मी मागून आणली, रेतीसकट. तीन दिवस अंगणात मंद आचेवर ती कढई होती आणि आम्ही पाळीपाळीने रेती हलवत होतो. शेजारणी विचारत होत्या की काय भाजता, आणि मी सांगत होते, पूल. पंचवीस तारखेच्या पहाटे हिरालालनी एक खुंटी बाहेर काढली, फडक्यात धरली आणि भोकावर टेकवली. नत्थूभाऊंनी मोगरी मारली. खुंटी अडली नाही की ढिली पडली नाही. एकेका ठोक्याला बोटभर आत जात राहिली, आणि शेवटच्या ठोक्याला सांधा असा आवळला गेला की फटीत माझं नखही शिरेना. हिरालालच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी धुराच्या नावावर खपवलं. चिरलेल्या खुंटीच्या जागी बंडीच्या जुन्या दांड्याची एक जादा खुंटी नत्थूभाऊंनी आणली होती. नऊ वाजता छत्तिसावी बसली.

राजदीपजींनी शब्दाप्रमाणे वीस गोण्या आणवल्या. हजार किलो. पुलाच्या खाली त्यांनी दोरी ताणून बांधली, म्हणजे पूल किती वाकतो ते कळेल. पहिल्या दहा गोण्या चढल्या तेव्हा काही झालं नाही. चौदाव्याला मधल्या सांध्यातून करकर असा आवाज आला आणि बघणारे लोक दोन पावलं मागे सरले. नत्थूभाऊ सरळ पुलाखाली नाल्यात उतरले. तिथे उभं राहून त्यांनी सांध्याला हात लावला आणि वर म्हणाले, बसून राहिला, चढवा. मी त्यांना बाहेर या म्हणून ओरडले, तर म्हणाले की ज्याने सांधा केला त्यानेच खाली उभं राहायचं, वॅगनमध्ये असंच असतं. मग हिरालालही खाली उतरले. विसावी गोणी चढेपर्यंत दोघे म्हातारे खालीच उभे होते.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर सगळी कॉलनी नाल्यापाशी आली. गोण्या उतरवल्या. राजदीपजी पांढऱ्या कपड्यांनिशी गवतावर आडवे झाले आणि त्यांनी टॉर्च घेऊन एकेक सांधा खालून पाहिला. दोरी आणि तुळई यांमधलं अंतर मोजलं, अर्थात स्वतःच्या टेपने. उठले, कपडे झटकले आणि जाहीर केलं की पूल राहील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी उत्साहाने मला बाजूला घेतलं. त्यांनी मोबाइलवर त्या बेटाबद्दल वाचलं होतं. पुलाच्या तोंडाशी एक फलक लावू, त्यावर मोठी मगर रंगवू, खाली आजोबांचं नाव, मुलांना फार आवडेल, असं ते म्हणाले. माणूस मनापासून बोलत होता. तरी माझी कानशिलं तापली आणि मी तोंड उघडणार, एवढ्यात कोणीतरी म्हणालं, अरे, आजी कुठे निघाल्या?

आई खुर्चीतून उठली होती. काठी तिने खुर्चीलाच टेकवून ठेवली होती. मी धावले तर तिने हातानेच मला थांबवलं. कठडा धरून ती पुलावर चढली. एकेक पाऊल टाकत मध्यापर्यंत गेली आणि थांबली. कठड्याच्या खुंटीवर तिने तळहात ठेवला, मग पाय उचलून फळीवर जोरात आपटला, एकदा आणि पुन्हा एकदा. पुलाने हूं की चूं केलं नाही.

"राजदीपभाऊ, मगर नोको," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण सगळे गप्प झाले होते. "माह्या बापानं मगर पाह्यली नाही. तो त्या बेटावर होता, आन त्यानं तिथं असाच धक्का बांधला. मी त्याले खोटा म्हनलं. याच भिलाईत, चार लोकाइच्या समोर. म्हणून आज लोकाइच्या समोर सांगून राहिली. तो खरा होता. खोटी मी होती."

कोणी हसलं नाही. हिरालालनी डोक्यावरची टोपी काढली. आई पुन्हा चालायला लागली आणि कोणाचा हात न धरता पलीकडच्या काठावर उतरली. तिथे तोंड वळवून ती उभी राहिली, आणि तिचे खांदे हलायला लागले. आबाजी गेल्याची तार आली तेव्हाही ती रडली नव्हती. मी पुलावरून पळत तिच्याकडे गेले.